डाकचौकी, लखोटा आणि वेताळ

मेल सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय. त्याची परिभाषा मराठीत आणायची म्हटली की आपण लगेच संस्कृत धातू शोधू लागतो. माझ्या मते त्याची फारशी गरज नाही. ही परिभाषा मुळात टपालाची आहे आणि टपालाचे शब्द मराठीला परके नाहीत.

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कशी द्यावी याचे एसएमटीपी हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. पत्रे स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता असलाच पाहिजे, हा दंडक आजही आहे. मधला सर्व्हर पत्र घेऊन पुढच्याकडे देतो, त्याला ‘रिले’ म्हणतात. ‘डाक’ या शब्दाचा जुना अर्थच टप्प्याटप्प्याने माणसे वा घोडी बदलत केलेली वाहतूक असा आहे. तेव्हा रिले म्हणजे डाकचौकी.

यापेक्षा महत्त्वाचा भेद लखोटा आणि पत्र यांतला. सर्व्हर लखोट्यावरचा पत्ता पाहून पत्र पोचवतो. वाचणाऱ्याला मात्र आतले ‘प्रेषक’ हे नाव दिसते. ही दोन नावे एकच असली पाहिजेत असे मूळ नियमांत कुठेही नाही. बँकेच्या नावाने येणारी फसवी पत्रे याच फटीतून शिरतात. पुढे त्यावर उपाय आले. एसपीएफ म्हणजे आमचे टपाल कोणत्या चौक्यांतून निघते याची डोमेनमालकाने जाहीर केलेली यादी. डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहोर. आतले नाव या यादीशी किंवा मोहोरेशी जुळते का, आणि न जुळल्यास पत्राचे काय करायचे, हे डीमार्क सांगतो.

‘टीटीएल’ समजावताना मी माझ्या गावाचे उदाहरण देतो. कामरगाव कारंजा तालुक्यात. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. गाव जागचे हलले नाही, पण नातेवाइकांच्या वह्यांत ‘जिल्हा अकोला’ बरीच वर्षे टिकले. डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरने घ्यायचे हे ‘एमएक्स’ नोंद सांगते. ती इतरांनी आपल्या वहीत किती सेकंद खरी मानायची, ती मुदत म्हणजे टीटीएल. मुदत संपली की पुन्हा विचारायचे. वह्यांना अशी मुदत नसते, एवढाच फरक.

आता परत येणाऱ्या पत्रांविषयी. सर्व्हरच्या उत्तराचा आकडा ४ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती असते. पाठवणारा सर्व्हर थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि नियमांनुसार चार-पाच दिवस तरी आशा सोडत नाही. आकडा ५ने सुरू झाला तर नकार कायमचा. ५५० म्हणजे बहुधा असा पत्ताच नाही. नोकरीचा अर्ज पाठवणाऱ्या मुलाला हा भेद कळला नाही, तर दुरुस्त पत्त्यावर अर्ज पुन्हा पाठवण्याऐवजी तो वाट पाहत राहतो आणि तारीख निघून जाते. पोस्टमन पाकिटावर ‘पत्ता अपुरा’, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो, तो कुणालाही वाचता येतो. सर्व्हरचा शेरा मात्र इंग्रजीत येतो, तोही ‘मेलर डीमन’ या नावाने, म्हणून पुष्कळजण तो न वाचताच पुसून टाकतात.

हा ‘डीमन’ सैतान नव्हे. १९६३च्या सुमारास एमआयटीतल्या संगणकतज्ज्ञांनी भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या अदृश्य कामकऱ्यावरून हे नाव घेतले. पडद्यामागे अखंड राबणारा, हाकेला ओ देणारा. आपल्याकडे रात्री गावाची राखण करणारा वेताळ त्याच्या जवळचा.

शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी वकील, जमीन, दप्तर हे शब्द टिकलेच. लोक शब्द वापरून ठेवतात, हुकमाने नव्हे. म्हणून ‘सर्व्हर’ला सर्व्हरच म्हणू या. परत आलेल्या पत्रावरचा शेरा मात्र मराठीत हवा; त्यात कुणाचा तरी अर्ज अडकलेला असतो.