सातव्या क्रमांकाचा मान

शर्यतींचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या तीन नावांपाशी लेखणी खाली ठेवतात. विजयस्तंभाला पायऱ्याच तीन. चौथ्यापासून पुढची नावे कोष्टकाच्या तळाशी बारीक टाइपात उरतात आणि वर्ष-दोन वर्षांत ती वाचणाराही कोणी राहत नाही. यात तक्रार करण्यासारखे फारसे नाही. धावण्याची शर्यत ही अखेर पहिले कोण येतो हे ठरविण्यासाठीच असते. परंतु कोष्टक हे कोण कितवा आला एवढेच सांगते. शर्यत कोणी घडविली, ते सांगत नाही. या दोन गोष्टींत केवढे अंतर असू शकते, ते पाहावयाचे असेल तर माँट्रियल येथे २५ जुलै १९७६ रोजी झालेली ऑलिंपिकमधील पुरुषांची आठशे मीटरची अंतिम शर्यत डोळ्यांसमोर आणावी. त्या कोष्टकात सातव्या जागी एक भारतीय नाव आहे : श्रीरामसिंग.

आठशे मीटर म्हणजे मैदानाचे दोन फेरे. ऐकायला सोपे वाटणारे हे अंतर जाणकार धावपटूंच्या मते सर्वांत निर्दय होय. शंभर-दोनशे मीटरवाला श्वासाची पर्वा न करता सुटतो. पाच किंवा दहा हजार मीटरवाला श्वास जपून धावतो. आठशेवाल्यास दोन्ही करावे लागते. पहिल्या फेऱ्यात त्याची गती जवळजवळ चारशे मीटरवाल्याची असते, आणि दुसऱ्या फेऱ्याच्या उत्तरार्धात, स्नायूंत आम्ल साचून मांड्या दगडासारख्या झाल्या असताना, त्याला तीच गती राखावयाची असते. म्हणून या शर्यतीत पुढे धावण्यास सहसा कोणी तयार नसतो. पुढचा वारा अंगावर घेतो, वेगाचा हिशेब त्यालाच ठेवावा लागतो, मागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. मागच्यास मात्र हे सारे फुकट मिळते. तो पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून आपली शिल्लक सांभाळतो आणि अखेरच्या वळणावर ती काढतो. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या गाणे ऐकले गेले, तेथे हे वेगळे सांगावयास नको. मैफलीच्या आरंभी थंड सभागृह तापविणारा गवई आणि तापलेल्या सभागृहात येऊन टाळ्या घेणारा गवई, दोघांचे कष्ट सारखे असले तरी दोघांचे नशीब सारखे नसते.

माँट्रियलचे मैदान

ते ऑलिंपिक अनेक अर्थांनी अपुरे होते. ज्या भव्य क्रीडागारात सामने झाले, त्याचा मनोरा पुरा झालेला नव्हता. त्याहून मोठी उणीव मैदानात होती. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णविद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, तरीही न्यूझीलंडला सामन्यांतून वगळले नाही, म्हणून वीसहून अधिक देशांनी, ज्यांत बहुतेक आफ्रिकेतील होते, माघार घेतली. त्यामुळे आठशे मीटरमध्ये केनियाचा माईक बॉइट नव्हता. म्युनिकला १९७२ मध्ये याच शर्यतीत तो तिसरा आला होता.

तरीही अंतिम फेरीत उतरलेले आठ जण सामान्य नव्हते. अमेरिकेचा रिक वोलहटर याच्या नावावर १९७४ पासून ८८० यार्डांचा जागतिक विक्रम होता. म्युनिकला पहिल्याच फेरीत तो पडला होता आणि ते शल्य घेऊन तो आला होता. युगोस्लाव्हियाचा लुचियानो सुशान्य हा १९७४ चा युरोपचा विजेता. बेल्जियमचा इव्हो व्हान डाम अवघा बावीस वर्षांचा. इंग्लंडचा स्टीव्ह ओव्हेट वीस वर्षांचा. चार वर्षांनी मॉस्कोस हेच अंतर तो जिंकणार होता. पश्चिम जर्मनीचा विली व्युलबेक १९८३ मध्ये हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिला येणार होता. इटलीचा कार्लो ग्रिप्पो हा सहावा.

आणि क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना. सहा फुटांहून उंच, पूर्वी बास्केटबॉल खेळलेला, नऊ फुटांच्या ढांगा टाकणारा हा गडी ‘घोडा’ या टोपणनावानेच ओळखला जाई. मूळचा तो चारशे मीटरवाला. आदल्या वर्षी पायावर शस्त्रक्रिया झालेली. त्याचे पोलिश गुरू झिग्मुंट झाबिएझोव्स्की यांनी त्याला आठशेकडे वळविले होते; पण या अंतराचा त्याचा अनुभव थोडाच होता. लागोपाठ तीन दिवस तीन शर्यती, आणि चौथा खंबीर प्रतिस्पर्धी अंगावर आल्यावर हा चारशेवाला टिकेल काय, ही शंका पुष्कळांच्या मनात होती.

राजपुतान्याचा शिपाई

आठवा आपला श्रीरामसिंग. राजस्थानातील बडनगर हे त्याचे गाव, राजपुताना रायफल्स ही त्याची पलटण. भारतीय धावण्याच्या इतिहासात लष्कराचा वाटा किती मोठा आहे, हे मिल्खासिंगापासून सर्वांस ठाऊक आहे. खेड्यातल्या पोराला दोन वेळचे पोटभर अन्न, पायांत बूट आणि रोज धावण्याची सक्ती या तीन गोष्टी एकत्र मिळण्याची ती जवळजवळ एकमेव जागा होती. दिल्लीत त्याला इलियास बाबर हे गुरू लाभले. शिष्याची गती आणि दम दोन्ही पारखून बाबर यांनी त्याला आठशे मीटरवर आणले. पुढे गीता झुत्शी आणि चार्ल्स बोरोमिओ हेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि १९९४ मध्ये बाबर यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

श्रीरामसिंगास १९७३ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेहरानच्या आशियाई सामन्यांत त्याने आठशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९७८ मध्ये बँकॉक येथे पुन्हा जिंकले. आशियात त्याच्या तोडीचा धावपटू नव्हता. पण आशिया वेगळा आणि ऑलिंपिक वेगळे. माँट्रियलला पहिल्याच फेरीत त्याने १ मिनिट ४५.८६ सेकंदांची वेळ देऊन सर्वांचे लक्ष वेधले आणि उपान्त्य फेरी ओलांडून तो अंतिम आठांत आला.

त्याची रीत एकच होती : बंदूक वाजली की पुढे जावयाचे. दबा धरून बसण्याचे तंत्र त्याला मानवत नसे.

दोन फेरे

त्या वर्षीच्या शर्यतीस एक विशेष नियम होता. एरवी आठशे मीटरचे धावपटू पहिले वळण आपापल्या आखलेल्या चाकोरीत धावतात आणि मग सारे आतल्या कडेस येतात. माँट्रियलला पहिले तीनशे मीटर चाकोरीतच धावावयाचे होते. धक्काबुक्की टळावी हा हेतू. पण त्यामुळे बराच वेळ कोण पुढे, कोण मागे, याचा नेमका अंदाज धावणाऱ्यालाच येत नाही, आणि घोळक्यात लपून दम जपण्याची सोयही राहत नाही. ज्याला आपल्याच अंगातल्या वेगावर विसंबून धावण्याची सवय आहे, त्याला हा नियम मानवतो. श्रीरामसिंग तसा होता.

चाकोऱ्या संपून सारे एकत्र आले आणि पहिला फेरा पुरा होऊन घंटा वाजली, तेव्हा सर्वांत पुढे भारताचा धावपटू होता. वेळ ५०.८५ सेकंद. त्याला जवळजवळ खेटूनच हुआंतोरेना. हे आकडे थोडे थांबून पाहावेत. त्या वेळचा जागतिक विक्रम इटलीच्या मार्चेलो फियास्कोनारोचा, १९७३ मध्ये केलेला, १ मिनिट ४३.७ सेकंदांचा. पहिला फेरा ५१ सेकंदांच्या आत झाला, म्हणजे विक्रम मोडण्यास लागणारी गती शर्यतीस मिळाली होती. ती गती ना अमेरिकेच्या विक्रमवीराने दिली, ना युरोपच्या विजेत्याने. ती दिली राजपुताना रायफल्सच्या शिपायाने.

समोरच्या सरळ पट्टीवर, पाचशे मीटरच्या सुमारास, हुआंतोरेनाने ढांगा लांबविल्या आणि तो पुढे निघाला. अखेरच्या वळणावर वोलहटरने त्याला गाठण्याचा जोर केला. क्यूबाच्या घोड्याने त्याला बाहेरूनच धावावयास लावले. शेवटच्या सरळ पट्टीत वोलहटरचे पाय जड झाले आणि व्हान डामने त्याला मागे टाकले. हुआंतोरेनाने दोरी तोडली ती १ मिनिट ४३.५० सेकंदांत. नवा जागतिक विक्रम. व्हान डाम ४३.८६, वोलहटर ४४.१२, व्युलबेक ४५.२६, ओव्हेट ४५.४४, सुशान्य ४५.७५, आणि त्याच्या पाठोपाठ, सेकंदाच्या अवघ्या पन्नासाव्या हिश्श्याने मागे, श्रीरामसिंग : १ मिनिट ४५.७७. ग्रिप्पो बराच मागे राहिला.

चार दिवसांनी हुआंतोरेनाने चारशे मीटरही जिंकले. एकाच ऑलिंपिकमध्ये अशी जोडी साधणे हा अपूर्व पराक्रम होता, आणि इतिहासाने त्याची नोंद योग्य त्या मोठ्या अक्षरांत केली.

चूक की धैर्य?

आता प्रश्न असा की श्रीरामसिंगाने केले ते शहाणपणाचे होते काय? हिशेबी माणूस म्हणेल, नव्हे. त्याचा पहिला फेरा ५०.८५ चा आणि दुसरा जवळजवळ ५५ चा. चार सेकंदांची ही घट म्हणजे आरंभी उधळपट्टी केल्याचा पुरावा. चौथा आलेला व्युलबेक त्याच्यापुढे केवळ अर्ध्या सेकंदाने होता. पहिला फेरा थोडा जपून धावला असता तर चौथी-पाचवी जागा मिळाली असती, हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही.

पण त्याला उत्तर आहे, आणि तेही आकड्यांतच. १ मिनिट ४५.७७ ही श्रीरामसिंगाच्या आयुष्यातील सर्वोत्तम वेळ होय. ज्या दिवशी माणूस आपल्या आयुष्यातील सर्वांत वेगवान शर्यत धावतो, त्या दिवशी त्याने चूक केली असे म्हणणे कठीण आहे. दुसरे असे की शर्यत मंद झाली असती तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चारशेवाल्या हुआंतोरेनाशी किंवा ओव्हेटसारख्या सुसाट शेवट करणाऱ्याशी त्याची गाठ पडली असती. तेथे त्याचे शस्त्र चालणारे नव्हते. त्याच्याजवळ जे होते ते त्याने पणास लावले. हुआंतोरेनानेही आपल्या विक्रमाचे श्रेय श्रीरामसिंगाच्या वेगवान पहिल्या फेऱ्यास दिल्याचे नमूद आहे.

आज युरोपातील मोठ्या बैठकांत वेग देण्यासाठी पगारी धावपटू ठेवलेले असतात. ते पहिला फेरा ठरलेल्या वेळात काढून देतात आणि बाजूस होतात. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अशी सोय नसते. म्हणूनच तेथे आठशे मीटरचा विक्रम क्वचित मोडतो. माँट्रियलनंतर थेट २०१२ मध्ये, लंडनला, केनियाच्या डेव्हिड रुडिशाने तो मोडला, १ मिनिट ४०.९१ सेकंदांत, आणि तेही आरंभापासून स्वतः पुढे धावून. रुडिशा जिंकला म्हणून त्याच्या पुढे धावण्यास जगाने धैर्य म्हटले. श्रीरामसिंग सातवा आला म्हणून त्याच कृतीस आपण घाई म्हणावी काय?

मागे काय उरले

त्या उन्हाळ्यात भारतात शोक चालला होता तो हॉकीचा. कृत्रिम हिरवळीवर खेळलेल्या त्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ सातवा आला आणि देश पदकाविना परतला. एक सातवा क्रमांक नामुष्कीचा ठरला; दुसरा सातवा क्रमांक त्याच गदारोळात झाकला गेला. वस्तुतः पहिला उतरणीचा होता आणि दुसरा चढणीचा. त्याच माँट्रियलला हरिचंद दहा हजार मीटरमध्ये आठवा आणि शिवनाथसिंग मॅरेथॉनमध्ये अकरावा आला होता, हेही आज किती जणांस आठवते?

व्हान डामचे नशीब तर त्याहून कठोर. त्याने माँट्रियलला पंधराशे मीटरमध्येही रौप्यपदक मिळविले, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. ब्रुसेल्स येथे १९७७ पासून त्याच्या स्मरणार्थ धावण्याची मोठी बैठक भरते. एका लहान देशाने आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वीरास असे जपले.

श्रीरामसिंगाच्या वेळेस स्मारक मिळाले नाही. पण ती वेळ स्वतःच स्मारक होऊन उभी राहिली. आशियाई विक्रम म्हणून ती १९९४ पर्यंत टिकली. त्या वर्षी कोरियाच्या ली जिन-इल याने तो मोडला. भारतीय विक्रम म्हणून ती बेचाळीस वर्षे टिकली. या काळात धावपट्ट्या बदलल्या, बूट बदलले, आहार बदलला, धावपटू परदेशी शिबिरांस जाऊ लागले. अखेर जून २०१८ मध्ये गुवाहाटी येथे केरळच्या जिन्सन जॉन्सनने १ मिनिट ४५.६५ ची नोंद केली. सेकंदाचा आठवा भाग कमी करण्यास बेचाळीस वर्षे लागली! त्यानंतर दोनच महिन्यांनी जकार्ताच्या आशियाई सामन्यांत मनजितसिंगने आठशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. बोरोमिओच्या १९८२ च्या विजयानंतर या शर्यतीतील ते पहिलेच भारतीय सुवर्ण. मनजितची वेळ होती १ मिनिट ४६.१५. म्हणजे माँट्रियलचा सातवा हा जकार्ताच्या पहिल्याहून वेगवान होता.

कोष्टके जपून ठेवावीत. तीच पुढच्या पिढीस आधार देतात. पण त्यांच्या शेजारी एखादी ओळ हातानेही लिहून ठेवण्याची आपल्या जुन्या घरांची सवय चांगली आहे. कुलवृत्तान्तात वडीलधारे अशा ओळी समासात लिहीत असत. माँट्रियलच्या कोष्टकात सातव्या नावासमोर अशी एक ओळ लिहावी : घंटा वाजली तेव्हा हा पुढे होता.