पडद्यामागचे रिंगण

डहाणू तालुक्यातील गंजाड म्हटले की जिव्या सोमा म्हसे यांचे नाव ओठांवर येते. लग्नघरच्या भिंतीवर बायाबापड्या तांदळाच्या पिठाने जी वारली चित्रे काढीत, ती त्यांनी कागदावर आणली आणि जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रात तारपा वाजविणारा मधोमध आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरताना दिसते. हे चित्र आपण कॅलेंडरवर, पिशव्यांवर अनेकदा पाहिले. त्याचा अर्थ मात्र मला एका कला महोत्सवात, रंगमंचामागे कळला.

आम्ही स्वयंसेवक. छातीवर बिल्ला, हातात यादी. डहाणूकडचे तारपा पथक टेम्पोने दुपारीच आले, कार्यक्रम रात्रीचा. खुर्च्या पाहुण्यांसाठी राखीव, म्हणून त्यांना कनातीमागे सतरंजीवर बसविले. पथकातले म्हातारे बाबा तारपा मांडीवर घेऊन बसले होते. वाळका दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे मेणाने बुजविलेले. जवळच मोठा दिवा तापत होता. बाबा म्हणाले, "पोरा, मला खुर्ची नको. याला सावली दे. मेण सुटेल."

मी दिवा सरकविला आणि यादी पाहून हुकूम सोडला, "सगळ्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभे राहायचे. बाबा, तुम्ही कडेला."

बाबा हसले. "मी कडेला गेलो तर ही पोरं फिरतील कोणाभोवती?"

मग त्यांनी समजाविले. तारप्याची चाल बदलली की नाचाची चाल बदलते, म्हणून वाजविणारा मध्येच हवा. गावात मंचही नसतो आणि पडदाही. बघणारा वाटले तर साखळीत शिरतो.

आम्ही माइक खाली उतरविला. नाच मंचासमोरच्या मोकळ्या जागेत झाला. शेवटी बिल्लेवाले आम्हीही त्या साखळीत होतो.

रात्री झोप आली नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे केले, पुढे वामनदादा कर्डक गावोगाव गायले. अशा कलावंतांनी वस्तीतली भाकरी खाऊन, कोणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकून बाबासाहेबांचा विचार घरोघरी पोचविला, असे घरातली वडीलधारी माणसे सांगत. कोणाला कुठे बसवितात, याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळावा? आणि आम्हीच आदिवासी कलावंतांना सतरंजीवर बसवून खुर्च्या राखीत होतो.

बंधू-भगिनींनो, १४ एप्रिलला आपल्या वस्तीत कलापथक येईल. त्यांना आधी पाणी द्या, बसायला खुर्ची द्या, मानधनाचे पाकीट कार्यक्रमापूर्वी हाती ठेवा. जेवणाची पंगत एकच असू द्या. आणि मंच बांधण्यापूर्वी त्यांना एवढे विचारा, "दादा, तुमची कला कुठे उभी राहते?" समतेची परीक्षा व्यासपीठावरच्या भाषणात होत नाही, ती कनातीमागे होते.

जयभीम!