मोरपंखीची कैफियत

मोसंबीच्या बागांच्या आणि काळ्या जमिनीच्या जालना जिल्ह्यात सूचिपर्णी वृक्षाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु बंगल्याच्या फाटकाशी दोन्ही अंगांस जोडीने उभी असणारी मोरपंखी ही देवदार-चिडाच्या गोतातलीच असून, जिच्या चपट्या डहाळ्या 'विद्या' म्हणून आपण शाळेच्या पुस्तकांत जपल्या, तिच्याच बुडाशी घरचे पिल्लू दात शिवशिवतात म्हणून काहीतरी चघळीत बसलेले दिसले, की गृहस्थाच्या मनात शंका उत्पन्न होणे स्वाभाविक आहे.

मोरपंखी सर्वस्वी निर्दोष नाही. तिचे पान बोटांत चुरडले असता जो उग्र, किंचित कापरासारखा दर्प येतो, तो तिच्या अंगच्या तेलाचा असून त्या तेलात थुजोन नावाचे द्रव्य असते. ते मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास मज्जासंस्थेस बाधते. तथापि चव कडवट असल्यामुळे कुत्रे एकदोन डहाळ्यांवर सहसा जात नाही, आणि तेवढ्याने फार तर लाळ गळते, एखादी ओकारी होते.

खरा अपराधी बहुधा शेजारच्या कुंडीत असतो. त्याच रोपवाटिकेतून त्याच दिवशी हौसेने आणलेला सायकस, ज्यास लोक उगाच पाम म्हणतात, तो ताडही नव्हे आणि सूचिपर्णीही नव्हे, मात्र सूचिपर्णीसारखाच फळावाचून उघडे बी धरणारा. आणि त्याचे पान, खोड, मूळ सारेच विषारी असले तरी मादी झाडाच्या मध्यभागी धरणारे शेंदरी बी सर्वांत घातक, इतके की एकदोन बियांनीही कुत्रे दगावू शकते. प्रथम ओकाऱ्या होतात, मग जनावर सावरल्यासारखे वाटते, आणि दोनतीन दिवसांत डोळे व हिरड्या पिवळ्या पडू लागतात, कारण यकृत निकामी होत असते. मधल्या त्या फसव्या स्वास्थ्यावर विसंबून कोणी गाफील राहू नये.

आणखी एका गोष्टीची दखल कोणी घेत नाही. मोरपंखीच्या आळ्यात माळी जी एरंडीची पेंड घालतो, ती, विशेषतः हाडांच्या खतात मिसळलेली असली तर, कुत्र्यास खाऊ वाटते. आणि नीट निर्विष न केलेल्या पेंडीत रिसिन हे जहाल विष राहते. म्हणजे आळ झाडावर, आणि गुन्हा त्याच्या खताचा.

तेव्हा मोरपंखी खुशाल ठेवावी, छाटलेल्या फांद्या मात्र अंगणात पडू देऊ नयेत. पेंड मातीत खोल गाडावी. सायकस कुत्र्याच्या घरात आणूच नये. काही खाल्ल्याचा संशय येताच मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता, उरलेले पान, बी किंवा खताची पिशवी सोबत घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जावे.