वेदनेचे पुनर्वसन आणि त्याचे मोजमाप

अमेरिकेत फ्लॉरिडातील टॅम्पा शहरी माजी सैनिकांचे जेम्स ए. हेली रुग्णालय आहे. दीर्घकालीन वेदनेने जखडलेल्या सैनिकांसाठी तिथला निवासी पुनर्वसन कार्यक्रम १९८८ पासून चालतो. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका एकत्र बसून प्रत्येक रुग्णासाठी एकच योजना आखतात. तीन आठवड्यांच्या मुक्कामात व्यायाम आणि मानसोपचार चालतात, अफूजन्य वेदनाशामके टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद होतात. अनेक शाखांच्या वैद्यांनी मिळून वेदनेवर उपचार करावेत, हा विचारही युद्धातूनच आला. दुसऱ्या महायुद्धात टॅकोमाजवळच्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात जखमी सैनिक पाहताना भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांना एकट्याचे ज्ञान अपुरे वाटले होते.

अशा उपचाराचे यश मोजणे अवघड असते. ‘शून्य ते दहा’मध्ये दुखणे किती, एवढेच विचारले तर निम्मी गोष्ट हातून सुटते. बऱ्याच रुग्णांचे दुखणे थोडेच कमी होते; पण ते जिना चढू लागतात, रात्री झोपतात, नातवंडाला उचलून घेतात. म्हणून टॅम्पाच्या मानसशास्त्रज्ञांनी माजी सैनिकांसाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. तीव्रतेबरोबरच हालचाल, दैनंदिन कामे, उत्साह, खिन्नता आणि हालचालीची भीती यांचीही नोंद तीत होते. यातली भीती सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल, कारण पुन्हा इजा होईल या धास्तीने माणूस हलणे सोडतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात.

सातशेहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा या केंद्राचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल होताना अफूजन्य औषधे घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांत सुधारणा दिसली. गोळ्या बंद केल्या म्हणून पहिला गट मागे पडला नाही. ज्यांना गोळी सोडण्याच्या कल्पनेनेच धडकी भरते, त्यांना हा निष्कर्ष मोठा आधार आहे.

तरीही केवळ आधी-नंतरच्या तुलनेवर विसंबता येत नाही. दुखणे टिपेला पोहोचल्यावरच माणूस दाखल होतो, त्यामुळे काही उतार आपोआपही पडतो. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळले, तर निकाल उगाच उजळ दिसतो. रुग्णालयात शिकलेला व्यायाम घरी गेल्यावर टिकतो का, हे घरी पाठवण्याच्या दिवशी कळूच शकत नाही. तुलनेसाठी दुसरा गट, सोडून गेलेल्यांचा हिशेब आणि वर्षभरानंतरची नोंद, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणत्याही कार्यक्रमाला यशस्वी म्हणू नये.