आधी नदी, शेवटी नक्षी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खेळाच्या नकाशावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. गेल्या सुटीत मी व माझ्या मित्राने आमच्या सुरतेचाच व्हिडिओ गेम रचावयास घेतला. काळ जानेवारी १६६४: बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर शिवाजी महाराजांची छावणी, तापीकाठच्या किल्ल्यात दडलेला सुभेदार इनायतखान. मी प्रथम वीरजी व्होरा या सावकाराच्या वाड्याची नक्षी काढत बसलो. तीन आठवडे गेले. मग घोडेस्वार सोडला, तर तो गल्लीत मावेना! वाडा पाडावा लागला. मित्र दोन दिवस बोलला नाही.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत निघालेली 'क्रिटिकल पाथ' पद्धत आम्ही वर्गात शिकतो. कोणते काम कोणत्या कामावाचून अडते, हे तीत आधी मांडतात. आम्हीही तसेच मांडले. प्रथम नदी व किल्ला, कारण त्यांच्या जागा ठरलेल्या, मग रस्ते, मग घरांच्या जागी साधे ठोकळे. त्यांतून घोडा फिरवून पाहावा. गल्ली अरुंद वाटली, तर ठोकळा क्षणात सरकतो. अंतरे जमली की घरे, आणि नक्षी सर्वांत शेवटी.

आता घोडा बिनअडथळा किल्ल्यापर्यंत जातो. वाडा अजून व्हावयाचा आहे.