दोष दिव्यांचा की हवेचा?

बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एखाद्या गच्चीवरून रात्री वर पाहिले, तर मोजकेच तारे दिसतात. तुमकूर रस्ता, रेल्वे स्थानक आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे आभाळ पांढुरके करून टाकतात. इथून आकाशाची छायाचित्रे काढता येणारच नाहीत, असे त्यामुळे अनेकांना वाटते.

ग्रहांच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. गुरू, शनी आणि चंद्र इतके तेजस्वी असतात की शहराच्या उजेडाने त्यांचे चित्र बिघडत नाही. ते बिघडवते ती हवा. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडू लागले की वरची हवा थरथरते आणि गुरूचे पट्टे पुसट होतात. म्हणून छपरे निवल्यावर, मध्यरात्रीनंतर काम केलेले बरे. शिवाय बेंगळुरू 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे ग्रह मध्यमंडल ओलांडताना, म्हणजे आकाशात सर्वांत उंच असताना, सहसा क्षितिजापासून 50 अंशांहून वर असतात, त्यामुळे त्यांच्या प्रकाशाला हवेचा जाड थर भेदावा लागत नाही. लंडनच्या हौशी निरीक्षकाला ही सोय दरवर्षी मिळत नाही.

दुसरा समज असा, की असे फोटो एका क्लिकमध्ये निघतात. आणि तसे नसेल, तर ते संगणकावर बनवलेले, म्हणजे खोटे. 2021 मध्ये पुण्याच्या 16 वर्षांच्या प्रथमेश जाजूने काढलेले चंद्राचे रंगीत छायाचित्र जगभर गाजले. त्यामागे 50 हजारांहून अधिक प्रतिमा आणि 186 जीबी माहिती होती. यात खोटे काही नाही. व्हिडिओच्या हजारो चौकटींतून हवा क्षणभर शांत असतानाच्या चौकटी निवडून एकमेकींवर रचायच्या, ही ती रीत. शंभर चौकटी रचल्या की खऱ्या प्रकाशाच्या तुलनेत नको असलेली खरखर एकदशांशावर येते. गुरूसाठी मात्र वेळेची मर्यादा पाळावी लागते: तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांहून लांब व्हिडिओत त्याचे बारकावे फिसकटू लागतात.

दुर्बीण घेताना लोक आधी ‘किती पट मोठे दिसते’ हे विचारतात. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे दोन पट, याहून पुढे चित्र फक्त धूसर होते. देवयानी दीर्घिका तर आकाशात सुमारे 3 अंश पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत इतकी. तिला मोठे करण्याची नव्हे, चौकटीत मावणाऱ्या छोट्या दुर्बिणीची गरज असते.

अशा चित्रांसाठी खरा पैसा माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर, खर्च करावा. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला 15 विकला सरकतात, आणि माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला नसेल तर मिनिटभराच्या छायाचित्रातही ताऱ्यांच्या रेघा उमटू शकतात. यशवंतपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो. उत्तरेला उंच इमारत असली तर तो दिसतच नाही. मग एखादा तारा किती सरकतो हे पाहत अक्ष हळूहळू जुळवावा लागतो.

शहरातून तेजोमेघ टिपणेही शक्य आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरवर लाल प्रकाश देतो. तेवढाच पट्टा सोडणारा फिल्टर लावला की रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड गाळला जातो. डोळ्याला तो मेघ करडा दिसतो, कारण अंधुक प्रकाशात आपल्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्यातला लाल रंग खराच असतो.

दीर्घिकांपुढे मात्र हा उपाय लंगडा पडतो. त्यांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. दिव्यांचा उजेड गाळायला जावे, तर त्यांचाही गाळला जातो. त्यांच्यासाठी गाडी काढून काळोखाच्या गावी जायलाच हवे.

आणि हौशी माणसाच्या हातून नवे काही लागत नाही, हेही खरे नाही. फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन हौशी छायाचित्रकारांना देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची दीड अंश लांब कमान सापडली. दुर्बीण होती 106 मिलिमीटरची. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या साथीने तो शोध 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.