बोट ठेवायला जागा

वाचाउपचाराच्या खोलीत भिंतीवर चित्रांचे तक्ते असतातच. एक फळांचा, एक प्राण्यांचा, एक वाहनांचा. थेरपिस्ट हत्तीवर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारतात आणि मुलानं उत्तर द्यायचं असतं. शिकवण्यासाठी तो तक्ता चांगला आहे. पण ज्या मुलाला बोलताच येत नाही, त्याला स्वतःहून काही सांगायचं असेल, म्हणजे खुर्चीचा पट्टा रुततोय, बाहेर बाळ का रडतंय, आता पुरे झालं, घरी जाऊ या, तर हत्ती त्याच्या काय कामाचा? संवाद फलकावरही चित्रंच असतात, पण तिथं बोट रुग्णाचं असतं आणि उत्तर समोरच्यानं द्यायचं असतं. बोट उचलत नसेल तर नजर, मूठ किंवा डोक्याची हालचाल चालते. हा फरक लक्षात घेतला की पुढचं म्हणणं मांडता येतं: यवतमाळसारख्या जिल्ह्यात संवाद फलक हा ‘बाकी सगळं करून पाहिलं, आता हे’ असा शेवटचा उपाय नसावा. तो पहिल्याच भेटीत रुग्णाच्या हाती पडावा, आणि दवाखान्याच्या कपाटात न राहता त्याच्या घरी जावा.

हे यवतमाळबद्दल मुद्दाम म्हणायचं कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, तालुके सोळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि ज्यांची वाढ वा बोलणं मागं पडलंय त्यांना पुढच्या उपचारासाठी पाठवतात. पाठवणं सोपं, पोहोचणं अवघड. उमरखेडहून किंवा झरी-जामणीच्या आतल्या गावातून मूल घेऊन यवतमाळला किंवा नागपूरला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर खेपा हमखास चुकतात. समजा, आठवड्याला एक खेप अगदी नेमानं झाली, तरी उपचार पाऊण तासाचा. उरलेला सगळा आठवडा मूल चुलीपाशी, ओसरीवर, अंगणवाडीत असतं, आणि त्याला सांगायच्या बऱ्याचशा गोष्टीही तिथंच घडतात. म्हणून दवाखान्यातून घरी काय जातं, हा इथं सगळ्यात मोठा प्रश्न ठरतो.

गरज फक्त मुलांची नाही. पक्षाघातानं वाचा गेलेले प्रौढ आहेत. घशातून श्वासनलिकेला छिद्र पाडलेले, शुद्धीवर असूनही आवाज नसलेले रुग्ण आहेत. आणि विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा ज्या प्रमाणात खाल्ला जातो ते पाहता तोंडाच्या नि जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेलेही आहेत. स्टीफन हॉकिंग यांचं बोलणारं यंत्र साऱ्या जगाला माहीत आहे. पण १९८५ साली न्यूमोनियाच्या उपचारात त्यांचा आवाज गेला, तेव्हा आधी कामी आला तो अक्षरांचा एक कागद. कुणीतरी त्यावरून बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवया उंचावायचे. आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. नीट बोलता न येणारी त्यांची मुलगी मालिनी चिब एका बोटानं टंकलेखन करत लंडनमध्ये शिकली आणि २०१० साली तिचं ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन आलं. ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. बोलता न येणं म्हणजे सांगण्यासारखं काही नसणं नव्हे, हे या दोघांकडे पाहून कुणीही मान्य करतं. अडचण येते ती आपल्या घरातल्या मुलाबाबत तेच मान्य करताना.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आई-वडिलांचा असतो: चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही. भीती समजण्यासारखी आहे. बोलणं यावं म्हणून तर इतक्या लांब आलो, आणि इथं हातात कागद दिला, म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली असं त्यांना वाटतं. पण या भीतीची तपासणी झालेली आहे. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतले पुरावा म्हणून भक्कम ठरणारे २७ रुग्ण वेगळे काढले, तर ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलेलं होतं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं होतं, आणि बोलणं घटलेला एकही नव्हता. संख्या लहान आहे, आणि बहुतेकांच्या बोलण्यातली वाढही माफक होती, हे सांगितलंच पाहिजे. चित्रफलकानं वाचा फुटते असा दावा कुणी करत असेल तर तो खोटा आहे. पण फलकानं वाचा बंद होते, हे त्याहून निराधार आहे. पुढं २०१० मध्ये रॉम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलण्यात मागं असलेली ६२ लहान मुलं तीन गटांत विभागली. एका गटाला फक्त बोलण्याचा सराव दिला, दोन गटांना चित्रांचं बोलणारं यंत्र दिलं, आणि तिन्ही गटांत पालकांना शिकवलं. यंत्र मिळालेल्या मुलांकडे जास्त शब्द आले. याचं कारणही फार गूढ नाही. बोलणं हे जिभेचं, ओठांचं आणि श्वासाचं कठीण काम आहे, पण त्याआधी आपण काही केलं की समोरचा माणूस ऐकतो, याची खात्री पटावी लागते. जे मूल रडूनच सगळं मिळवायला शिकलंय, त्याला ती खात्री आधी बोटानं येते. आणि ज्या मुलाला सोप्या वाटेनं बोलता येऊ लागतं ते मुद्दाम चित्र शोधत बसत नाही.

फलक द्यायचा ठरला तरी त्यावर काय असावं, इथं पुष्कळदा घसरण होते. केळं, सफरचंद, पंखा, कुत्रा, गाडी अशी नामांची रांग लावली जाते, कारण नामांचं चित्र काढणं सोपं. पण अमेरिकेत बनजी, डिकार्लो आणि स्ट्रिकलिन यांनी २००३ मध्ये लहान मुलांच्या रोजच्या बोलण्यात वारंवार येणारे शब्द काढले, तेव्हा त्या यादीत एकही नाम नव्हतं. मला, माझं, पाहिजे, नाही, अजून, संपलं, मदत, हे, काय, बाहेर या अर्थाचे शब्द होते. ती यादी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची, तेव्हा मराठीची आपली आपण करायला हवी. पण कल जो दिसतो तो कोणत्याही घरात कान देऊन ऐकला तर पटेल. ‘केळं’ या चित्राचा उपयोग केळं असेल तेव्हाच. ‘अजून’ या चित्राचा उपयोग केळं, झोका, गाणं, पाणी, पाठीवरचा आईचा हात, सगळ्यांना होतो. आणि ‘नको’ नसलेला फलक तर फलकच नव्हे. त्यावर माणसाला फक्त मागता येतं, नाकारता येत नाही.

एक साधा फलक डोळ्यांसमोर आणू. जाड कागद, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, वरच्या कोपऱ्यात भोक पाडून ओवलेली दोरी, म्हणजे खुंटीला टांगता येतो आणि गळ्यातही घालता येतो. मूल नवं असेल तर आठ-दहाच चौकोन, पण प्रत्येक मोठा, कारण थरथरणारं बोट दोन सेंटिमीटरच्या चौकोनात मावत नाही. डावीकडे माणसं: मी, आई, बाबा, आजी. मध्ये वस्तू आणि जागा. उजवीकडे क्रिया: दे, जा, खा, थांब. बाहेरून आलेल्या नमुन्यांत क्रिया बहुतेक मधे असते, कारण इंग्रजी वाक्य तसं चालतं. ‘आई, पाणी दे’ म्हणायला बोट डावीकडून उजवीकडे सरळ जायचं असेल, तर आपल्या फलकावर क्रिया शेवटीच हवी. चित्रंही पाहून घ्यावी लागतात. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारनं आरासाक नावाचा हजारो चित्रांचा मोफत साठा खुला केला आहे आणि तो वापरावाच. मात्र जेवणासाठी तिथली ताटली-काटा न घेता भाकरी-वरणाच्या ताटाचा फोटो लावावा, आणि अंगणातला हातपंप, गोठ्यातला बैल, गावची एसटी यांचे फोटो घरच्यांच्याच मोबाईलवर काढून घ्यावेत. प्रौढांचा फलक तर पूर्ण वेगळा असतो. पक्षाघात झालेल्या शेतकऱ्यापुढं सफरचंद आणि चेंडू ठेवणं हा त्याचा अपमान आहे. त्याला फवारणी, बियाणं, बँक, सातबारा, जावई, गुडघा हे विषय हवेत. मेंदूच्या ज्या आघातानं त्याचं बोलणं जातं, त्यानंच पुष्कळदा वाचणंही बिघडतं. म्हणून ‘शिकलेले आहेत, लिहून दाखवतील’ हे गृहीत धरता येत नाही.

आता भाषेचा प्रश्न. जिल्ह्यात वऱ्हाडी मराठीबरोबर तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी आहे, आणि केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर कोलामी आहे. कोलाम हा केंद्र सरकारच्या यादीतला विशेष दुर्बल आदिवासी गट. त्यांची भाषा द्राविडी कुळातली, मराठीहून पार वेगळी. चित्राला भाषा नसते, म्हणून फलक सगळ्यांना चालेल, असं म्हणणं अर्धंच खरं आहे. चित्र मुकं असलं तरी त्यावर बोट ठेवताना आई जो शब्द उच्चारते तोच मुलाच्या कानात जातो. तो घरचा नसेल तर आईही अडखळते आणि फलक पुन्हा खुंटीला जातो. यावर उपाय अवघड नाही: चित्राखाली दोन ओळी, वर घरचा शब्द देवनागरीत, खाली मराठी. वरची ओळ पालकांना विचारून त्यांच्यासमोरच लिहायची. मग कोलामी न येणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाही मूल काय म्हणतंय ते कळतं, आणि मराठी नीट न वाचणाऱ्या आजीला चित्र पुरतं. उपचारापुरतं घरात फक्त मराठी बोला, असा सल्ला अजूनही काही ठिकाणी दिला जातो. त्यानं मुलाला मराठी येत नाहीच, आजीशी असलेलं नातं मात्र तुटतं.

‘आता कागद कशाला, मोबाईलवर ॲप आहेत की’ असं विचारणारेही पुष्कळ. आहेत, आणि चांगली आहेत. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत बोलतं. चेन्नईचं ‘आवाज’ही नावाजलेलं आहे. यंत्रातून आवाज निघतो, पाठमोऱ्या माणसालाही तो ऐकू जातो, हे कागदाला कधीच जमणार नाही. म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी यंत्र जरूर घ्यावं. पण घरात एकच मोबाईल असतो आणि तो सकाळी बापाबरोबर शेतात जातो. उन्हात पडदा दिसत नाही, न्हाणीघरात नेता येत नाही, आणि ज्या मोबाईलवर कार्टून लागतं तोच मुलाचा आवाज आहे हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. कागद पडला तरी फुटत नाही आणि हरवला तर पुन्हा छापता येतो. यंत्राची वाट पाहण्यात मुलाची दोन वर्षं जाऊ नयेत, एवढाच आग्रह आहे.

‘त्याला चित्रंच कळत नाहीत’ हा आक्षेप बहुधा पंधरा दिवसांच्या प्रयत्नानंतर येतो. त्या पंधरा दिवसांत घडलेलं असतं असं: फलक मुलापुढं धरला, ‘दाखव, काय पाहिजे?’ असं विचारलं, त्यानं कागद चावला. बोलणारं मूलसुद्धा पहिला शब्द उच्चारण्याआधी सुमारे वर्षभर नुसतं ऐकत असतं. फलकाची भाषाही आधी कुणीतरी त्याच्यापुढं वापरावी लागते. आईनं वाटीत वरण वाढताना ‘अजून’ म्हणावं आणि त्याच वेळी स्वतःचं बोट ‘अजून’वर ठेवावं, वाटी रिकामी झाली की ‘संपलं’. मुलाकडून काही मागायचं नाही, नुसतं बोलत राहायचं. ज्यांना चित्र खरंच उमजत नाही त्यांच्यासाठी आधी वस्तूच फलकावर बांधतात, म्हणजे पेल्याचा तुकडा, चपलेचा पट्टा, मग फोटो, मग रेखाचित्र. हे सगळं आईला शिकवायला थेरपिस्टला एका भेटीतली वीस मिनिटं लागतात, आणि माझ्या मते त्या भेटीतली सर्वांत मोलाची वीस मिनिटं तीच.

एका धोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. मदतनीसानं रुग्णाचा हात धरून अक्षरांवर नेण्याची, किंवा फलक स्वतः हवेत धरून हलवण्याची, अशा पद्धती आहेत, आणि त्यांच्यातून आश्चर्यकारक वाक्यं निघतात. हात धरण्याची पद्धत तपासल्यावर असं दिसलं आहे की ती वाक्यं मदतनीसाची असतात, नकळत का होईना. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये या पद्धतींविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. फलक टेबलावर किंवा मांडीवर स्थिर हवा, आणि हात रुग्णाचा मोकळा. त्याला आधार लागत असेल तर तो खुर्चीतून, कोपराखालच्या उशीतून द्यावा. उत्तर दुसऱ्याच्या हातून आलं तर त्या माणसाचा आवाज आपण दुसऱ्यांदा हिरावून घेतो.

आणि शेवटचा आक्षेप, घराघरातला: आम्हाला त्याचं सगळं कळतं, फलकाची गरज नाही. आईला कळतं, हे खरं आहे. पण आई आजारी पडली, मूल वसतिगृहात गेलं, रात्री वॉर्डात अनोळखी परिचारिका आली, तर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाची जी व्याख्या आहे तिच्यात चिन्हं आणि पूरक-पर्यायी साधनं स्पष्टपणे धरलेली आहेत. म्हणजे फलकावर बोट ठेवणाऱ्याचं म्हणणं कायद्यालेखी म्हणणंच आहे. न्यायालयातही बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला दुसऱ्या मार्गानं साक्ष देता येते. जुन्या साक्ष कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनं आलेली दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरणाची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण ज्या मुलीच्या फलकावर चौदा फळं आहेत आणि शरीराचा एकही भाग नाही, तिला विशेष शिक्षक तरी काय मदत करणार? दुखतंय, कुठं, कुणी केलं, भीती वाटते, हात लावू नको: ही चित्रं मागच्या पानावर नव्हे, पहिल्या फलकापासून हवीत, आणि गुप्तांगांसकट पूर्ण शरीराचं साधं चित्र त्यात हवं. पालक संकोचतात, थेरपिस्टही संकोचतात. तरीही ते चित्र लावूनच फलक घरी पाठवायला हवा.